लष्करी आस्थापनेसाठी क्लाऊड ऑफिस: टेंडरमध्ये नेमक्या कोणत्या अटी घालाव्यात?

पोर्ट_पंचवीस

मंडळी, एका संरक्षण आस्थापनेच्या रोजच्या कार्यालयीन कामासाठी पर्यायांची तुलना करून टिपण द्यायचं आहे. मेल, कॅलेंडर, फाइली, एकाच कागदावर चौघांनी काम करणं, चॅट, व्हिडिओ कॉल एवढा पसारा. खाती चार हजार, एका वेळी कागद उघडून बसलेले साधारण चारशे. ठिकाणं पाच, त्यातल्या दोन ठिकाणी ८ एमबीपीएसची लाइन आहे आणि पावसाळ्यात तिचाही भरवसा नसतो. माहिती बहुतांशी अवर्गीकृत, थोडी रिस्ट्रिक्टेड (वर्गीकरणाची सर्वांत खालची पातळी). कॉन्फिडेन्शियल आणि त्यावरचं या यंत्रणेत येणारच नाही, त्याचं जाळं वेगळं आहे.

समोर तीन पर्याय आहेत: परदेशी कंपनीचा क्लाऊड (डेटा भारतात), भारतीय कंपनीचा संच, किंवा स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये ओपनडेस्कसारखं (मेल, फाइली, चॅट असा कार्यालयीन संच) मुक्त सॉफ्टवेअर. वरून एकच प्रश्न सारखा येतो, "अमेरिकेची फौज गूगल-मायक्रोसॉफ्ट वापरते, मग आपल्याला काय धाड भरली आहे?" याला मुद्देसूद उत्तर हवं. आणि टेंडरमध्ये 'प्रणाली सुरक्षित असावी' छापाची वाक्यं नकोत. तपासून बघता येतील अशा अटी सुचवा.

रूटकॉज

वापरते, पण तुम्हाआम्हाला विकत मिळतं ते नाही. अमेरिकी संरक्षण खातं क्लाऊडला 'इम्पॅक्ट लेव्हल' लावतं. आयएल-२ म्हणजे जाहीर किंवा फारशी संवेदनशील नसलेली माहिती, आयएल-४ म्हणजे अवर्गीकृत पण नियंत्रित, आयएल-५ म्हणजे त्यातलीच जास्त नाजूक, आणि आयएल-६ सीक्रेटपर्यंत. मायक्रोसॉफ्ट ३६५ चे सरकारी अवतार तीन: जीसीसी आयएल-२ ला, जीसीसी हाय आयएल-४ ला आणि फक्त फौजेसाठी असलेलं डीओडी आयएल-५ ला. शेवटची दोन वेगळ्या सरकारी अझूरवर (अझूर म्हणजे मायक्रोसॉफ्टचा क्लाऊड) चालतात. त्यांचा लॉगिनचा पत्तासुद्धा डॉट कॉम नसून डॉट यूएस आहे. अमेरिकी लष्कराच्या अडीच लाख लोकांसाठी २०२२ मध्ये गूगल वर्कस्पेस जाहीर झालं, तेही आयएल-४ ची मान्यता हातात आल्यावर. भारतातल्या ग्राहकाला मिळतो तो व्यापारी क्लाऊड. डेटा पुण्याच्या किंवा मुंबईच्या रीजनमध्ये राहील एवढंच काय ते. नाव तेच, माल वेगळा. हे एक वाक्य टिपणात आलं तरी निम्मा वाद मिटेल.

आता एवढं करूनही तिथे काय बिघडलं ते बघा, कारण तुमच्या अटी त्यातूनच निघतात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांच्या स्पेशल ऑपरेशन्स कमांडशी संबंधित सुमारे ३ टेराबाइट अंतर्गत मेल असलेला सर्व्हर पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडा सापडला. सर्व्हर सरकारी अझूरवरच होता. म्हणजे क्लाऊड मान्यताप्राप्त आणि मांडणी चुकलेली. मान्यतेचं प्रमाणपत्र तुमच्या सेटिंगला लागू होत नाही. अट: बाहेरून दिसणाऱ्या प्रत्येक पत्त्याची आणि पोर्टची रोज आपोआप तपासणी, आणि ती कंत्राटदाराने नाही, वेगळ्या पथकाने करायची.

जुलै २०२५ मध्ये बाहेर आलं की पेंटागॉनच्या क्लाऊडच्या देखभालीत मायक्रोसॉफ्टचे चीनमधले अभियंते सल्ला देत होते आणि अमेरिकेत बसलेले, सुरक्षा मंजुरी असलेले 'एस्कॉर्ट' ते सांगतील त्या आज्ञा टाइप करत होते. टाइप करणाऱ्याला त्या आज्ञेचा अर्थ कळतोच असं नव्हतं. बातमी आल्यावर कंपनीने ती पद्धत थांबवली. कागदोपत्री नियम पाळला जात होता, हे यातलं खरं दुखणं. तेव्हा 'प्रशासक भारतीय नागरिक असावा' एवढंच लिहून थांबू नका. 'तिसऱ्या पातळीचा सपोर्ट आणि मूळ उत्पादकाकडे जाणारी तक्रार धरून, आज्ञा ठरवणारा आणि आज्ञा चालवणारा दोघेही मंजूर यादीतले असावेत. प्रवेश मागणीपुरता, आपल्या मान्यतेने आणि ठरावीक वेळेचा असावा. संपूर्ण सत्राचं रेकॉर्डिंग आपल्याकडे यावं' असं लिहा. आणि एक चोरवाट बंद करा: सपोर्टला पाठवायचे लॉगचे (नोंदींचे) गठ्ठे आणि क्रॅश डंप (प्रोग्रॅम कोसळताना घेतलेली मेमरीची नक्कल). त्यात टोकन (लॉगिन झाल्याचा डिजिटल पास), चाव्या, मेलचे तुकडे असं काहीही निघू शकतं. ते परस्पर बाहेर जाता कामा नयेत.

उत्तरायण

रूटकॉज यांच्याशी सहमत, पण त्याआधीचा प्रश्न म्हणजे खातं बंद करायची कळ कोणाच्या हातात आहे. युरोपीय संघाने १८ जुलै २०२५ ला नायरा एनर्जीवर निर्बंध लावले आणि त्याच महिन्यात तिची मायक्रोसॉफ्ट सेवा तडकाफडकी बंद झाली. वाडीनारची रिफायनरी चालवणारी भारतातली कंपनी, पैसे भरलेले परवाने, भारतीय कायद्यानुसार चाललेला धंदा. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि महिनाअखेरीस सेवा परत सुरू झाली. डेटा कुठल्या शहरात ठेवला आहे याने तिथे काही अडलं नाही की सुटलं नाही. त्याआधी १० जून २०२५ ला मायक्रोसॉफ्ट फ्रान्सच्या कायदेविषयक प्रमुखाला फ्रेंच सिनेटने शपथेवर विचारलं होतं की फ्रेंच नागरिकांचा डेटा फ्रेंच सरकारच्या संमतीशिवाय अमेरिकेला कधीच दिला जाणार नाही याची हमी देता का? उत्तर होतं, नाही देता येत. २०१८ चा क्लाऊड ॲक्ट, म्हणजे कंपनीकडचा डेटा मागवायचा अमेरिकी कायदा, अमेरिकी कंपनीला लागू होतो, डेटा कुठेही असो.

युरोपातल्या फौजांनी यावर दोन वेगळ्या वाटा काढल्या आहेत. ऑस्ट्रियाच्या लष्कराने २०२० पासून तयारी करून २०२५ मध्ये सुमारे १६,००० संगणकांवरून एमएस ऑफिस काढलं आणि लिब्रऑफिस आणलं. हे क्लाऊड नव्हे. ऑफिस सॉफ्टवेअर क्लाऊडकडे सरकतंय आणि आपली कागदपत्रं बाहेरच्या यंत्रणेत जायला नकोत, हेच त्यांचं कारण. पैसे वाचवणं हा हेतू नव्हता असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. लागणाऱ्या सुधारणा करून घेऊन त्यांनी त्या मूळ प्रकल्पाला परत दिल्या. त्यांचा पाच वर्षांचा काळ लक्षात ठेवा. तुमच्या टिपणात कोणी 'सहा महिन्यांत स्थलांतर' लिहायला सांगितलं तर हा आकडा दाखवा.

जर्मनीच्या बुंडेसवेअरची (लष्कराची) आयटी कंपनी बीडब्ल्यूआय. तिने एप्रिल २०२५ मध्ये ओपनडेस्कसाठी झेंडिस या सरकारी संस्थेशी सात वर्षांचा करार केला, आणि पुढच्याच महिन्यात गूगलशी इंटरनेटपासून पूर्ण तोडलेल्या क्लाऊडचा. तो गूगलच्या इमारतीत नाही, बीडब्ल्यूआयच्या स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये बसणार. म्हणजे 'परदेशी की स्वदेशी' असा सरळ सामना तिथेही नाही. सर्व्हर कोणाच्या छताखाली, तार कोण तोडू शकतं, हे बघून कामागणिक निवड आहे.

भारतीय कंपनीच्या संचालाही हेच निकष लावा. केंद्राचे मेल आता झोहोच्या यंत्रणेवर आहेत. परदेशी कायद्याचा मुद्दा तिथे बराच सैल होतो, पण चाव्या कोणाकडे आणि प्रशासक कोण हे प्रश्न जसेच्या तसे उरतात. 'मेड इन इंडिया' म्हटलं की पुढचं कोणी विचारतच नाही, ही आपली जुनी खोड.

केर्नेल_पॅनिक

वर सगळं स्वतःच्या छताखाली ठेवा असा सूर लागतोय म्हणून थोडं गार पाणी ओततो. जुलै २०२५ मध्येच शेअरपॉइंट या मायक्रोसॉफ्टच्या फाइल-वाटप यंत्रणेतल्या 'टूलशेल' त्रुटीवरून जगभर हल्ले झाले. फटका बसला तो स्वतःच्या सर्व्हरवर शेअरपॉइंट चालवणाऱ्यांना. मायक्रोसॉफ्टच्या क्लाऊडमधलं सुटलं. शिवाय पॅच लावून काम संपत नव्हतं. हल्लेखोराने मशीन-की (सर्व्हरच्या सहीच्या चाव्या) आधीच उचलल्या असतील तर पॅचनंतरही तो खोटी सही करून आत येऊ शकत होता, म्हणून चाव्या बदलून आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर) रीस्टार्ट करणं भाग होतं. हे शनिवार-रविवारी कळतं. त्या वेळी कोण हजर असणार? चार हजार खात्यांची यंत्रणा चोवीस तास सांभाळायला पाळ्या, रजा आणि बदल्या धरून आठ-दहा जाणती माणसं लागतात. ती नसतील तर तिसरा पर्याय कागदावरच ठेवा.

माणसं असतील तर ओपनडेस्कच्या पोटात काय आहे ते समजून घ्या: फाइलींना नेक्स्टक्लाऊड, संपादनाला कोलॅबोरा, मेल-कॅलेंडरला ओपन-एक्सचेंज, चॅटला एलिमेंट, व्हिडिओला जित्सी, ओळख सांभाळायला नूबस. सगळं कुबरनेटीजवर (अनेक सर्व्हरवर प्रोग्रॅम वाटून चालवणारी यंत्रणा). कुठे बिघडतं ते सांगतो.

कोलॅबोरा उघडलेल्या प्रत्येक कागदाला एक स्वतंत्र प्रोसेस देतं. त्या कागदावर काम करणारे सगळे त्याच सर्व्हरवर पोचले पाहिजेत. लोड बॅलन्सर (येणाऱ्यांना सर्व्हरांत वाटणारा) नेहमीसारखा राउंड-रॉबिन, म्हणजे पाळीपाळीने वाटणारा, ठेवला तर दोघे दोन सर्व्हरवर जातात, एकमेकांचं लिहिलेलं दिसत नाही आणि सेव्ह करताना भांडण लागतं. उपाय: पत्त्यातल्या, कागद कोणता ते सांगणाऱ्या 'वोपी-सोर्स' पॅरामीटरवर हॅश (त्यावरून काढलेला ठरावीक आकडा) करून वाटणी, आणि हॅश कन्सिस्टंट, म्हणजे एक सर्व्हर पडला तर बाकीचे कागद हलत नाहीत. तुमच्या चारशे सक्रिय लोकांसाठी सुरुवातीला दहा-पंधरा जणांमागे एक व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) आणि माणशी १०० एमबी रॅम धरा, वर तिसरा हिस्सा मोकळा ठेवा, मग प्रत्यक्ष भार मोजून कमी-जास्त करा. मोठ्या एक्सेल शीटा हा अंदाज मोडतात.

नेक्स्टक्लाऊडला फाइल-लॉकसाठी रेडिस (मेमरीत चालणारा झपाट्याचा साठा) द्याच. नाहीतर तो भार डेटाबेसवर पडतो आणि सकाळी दहाच्या गर्दीत सगळं रांगेत उभं राहतं. साठवण एस-थ्री पद्धतीची (ॲमेझॉनच्या धर्तीची ऑब्जेक्ट साठवण) असेल तर तिथे फाइलीचं नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. नाव आणि फोल्डर डेटाबेसात. म्हणून दोन्हींचा बॅकअप एकाच क्षणाचा हवा. डेटाबेस गेला तर हातात लाखो बिननावाचे तुकडे उरतात. अट: तिमाहीतून एकदा कोऱ्या यंत्रांवर संपूर्ण पुनर्स्थापना, घड्याळ लावून, अनोळखी अधिकाऱ्याने निवडलेले वीस कागद उघडून दाखवायचे. 'बॅकअप यशस्वी' असा मेल हा पुरावा नव्हे.

चॅटमध्ये फेडरेशन (बाहेरच्या सर्व्हरांशी जोडणी) बंद किंवा मोजक्या डोमेनपुरतं. आणि मोबाइलवर सूचना गूगल-ॲपलच्या सर्व्हरवरून जातात हे विसरू नका. सूचनेत मजकूर न घालता फक्त घटनेचा क्रमांक पाठवायची सोय आहे, ती चालू करा.

पोर्ट_पंचवीस

फारच उपयोगी. दोन शंका. एक, ८ एमबीपीएसच्या ठिकाणांचं काय? दोन, ग्राहकाच्याच हातात चावी असलेलं एन्क्रिप्शन सगळ्याच मेल-फाइलींना लावलं तर परदेशी क्लाऊडचा प्रश्न सुटत नाही का?

उत्तरायण

दुसरीचं उत्तर आधी. क्लायंट बाजूच्या एन्क्रिप्शनमध्ये सर्व्हरला मजकूर दिसत नाही, म्हणजे सर्व्हरवरचा शोध, व्हायरस तपासणी, डीएलपी (माहितीगळती रोखणारी तपासणी) हेही आंधळं होतं. सगळ्यांना लावलंत तर आठवड्याभरात लोक कागद व्हॉट्सॲपवर पाठवायला लागतील. रिस्ट्रिक्टेडपुरतं ठेवा. चाव्या एचएसएममध्ये (चाव्या जपणाऱ्या खास उपकरणात), पाचपैकी कोणतेही तीन अधिकारी एकत्र आल्याशिवाय उघडणार नाहीत अशा, आणि बदली झाली की त्या अधिकाऱ्याचा चावीतला वाटा त्याच दिवशी बदलायचा. शिवाय कोणी कोणाला, कधी मेल केला, विषय काय, हे बहुतेक वेळा उघडंच राहतं. फौजेच्या बाबतीत तेवढ्यावरून पुष्कळ काही कळतं. आणि खातंच बंद झालं तर चावी खिशात असून उपयोग काय?

केर्नेल_पॅनिक

कमी लाइनची ठिकाणं: कोलॅबोरात कागद सर्व्हरवरच राहतो आणि पडद्यावर तुकड्यातुकड्यांनी चित्र येतं. एका संपादकाला साधारण १०० केबीपीएस, म्हणजे ८ एमबीपीएस पुरते. मात्र लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या वर गेली की टायपिंग अडखळतं, आणि लाइन गेली की काम ठप्प. तिथे संगणकावर लिब्रऑफिस आणि सिंक क्लायंट (सर्व्हरवरच्या फाइलींची प्रत संगणकावर जुळवून ठेवणारा प्रोग्रॅम) द्या. डिस्क एन्क्रिप्शन सक्तीचं, कारण आता कागद लॅपटॉपवर उतरला. सर्व्हरवर फाइल-लॉकचं ॲप लावा. नाहीतर लाइन परत आल्यावर प्रत्येक फाइलीची 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' तयार होते आणि खरी कोणती यावर तास जातो. व्हिडिओचं माध्यम यूडीपी पोर्ट १०००० वरून जातं; फायरवॉलने ते अडवलं की कॉल लागतो पण चित्र-आवाज येत नाही, किंवा टर्नवरून (मधल्या सर्व्हरवरून) टीसीपीने जाऊन तुटक येतो. लोक जित्सीला शिव्या घालतात, दोष फायरवॉलचा असतो.

उलट मायक्रोसॉफ्ट ३६५ ची संगणकावरची ॲप घेतलीत तर ३० दिवसांतून एकदा परवान्यासाठी नेटवर पोचावं लागतं, नाहीतर ती फक्त वाचण्यापुरती उरतात. प्रात्यक्षिकात ३५ दिवस तार काढून ठेवा. कंत्राटदाराला आवडणार नाही.

रूटकॉज

लॉगचं राहिलंच. २०२३ च्या स्टॉर्म-०५५८ (हे हल्लेखोर टोळीचं नाव) प्रकरणात चोरांनी मायक्रोसॉफ्टची २०१६ मधली सहीची चावी मिळवून खोटी टोकनं बनवली आणि वीसहून जास्त संस्थांचे मेल वाचले. पकडलं ते अमेरिकी परराष्ट्र खात्याने, कारण त्यांच्याकडे वरच्या परवान्यात मिळणारा 'कोणता मेल उघडला' हा लॉग होता. स्वस्त परवानावाल्यांना ते दिसणंच शक्य नव्हतं. तेव्हा अट अशी: प्रत्येक मेल आणि फाइल उघडल्याची नोंद मूळ किमतीतच, जवळजवळ लगेच आपल्या सर्व्हरवर, आणि कंत्राटदाराला ती पुसता येणार नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस आणि घटना सहा तासांत कळवणं हे किमान आहे. फौजेसाठी निदान दोन वर्षं मागा. घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी जुळलेली हवीत, नाहीतर दोन लॉग ताडून बघताना डोकं फिरतं.

लॉगिनला ओटीपी पुरत नाही. मध्ये बसलेलं बनावट पान ओटीपीही पुढे पाठवतं आणि सेशन कुकी उचलतं. स्मार्टकार्ड किंवा फिडो-२ ची चावी (बनावट पानाला न फसणारं लॉगिन उपकरण) मागा. एपीटी-३६ या हॅकर टोळीने तर एनआयसीच्या 'कवच' या दुपदरी लॉगिन ॲपचीच नक्कल करून सरकारी लोकांना फसवलं आहे. आणि लिनक्स आहे म्हणून निर्धास्त नको: ऑगस्ट २०२५ मध्ये याच टोळीने बॉस लिनक्सवर (भारत सरकारचं लिनक्स) पीडीएफचं सोंग घेतलेल्या डॉट-डेस्कटॉप (लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या) फाइली पाठवल्याचं उघड झालं. मेल गेटवेवर तो प्रकार थेट अडवा, झिपच्या आतलासुद्धा.

जाणाऱ्या मेलवरही पहारा हवा. डॉट एमआयएलऐवजी डॉट एमएल टाइप झाल्याने अमेरिकी फौजेचे मेल वर्षानुवर्षं मालीच्या डोमेनवर जात होते. २०२३ मध्ये ते गाजलं. आपल्या डोमेनची एका अक्षराने चुकलेली रूपं काढून गेटवेवर बंद करा.

टंकशास्त्री

देवनागरीबद्दल कोणीच बोललं नाही, आणि स्थलांतर तिथेच आपटतं.

जुने कागद मंगल फॉन्टमध्ये असतात. तो विंडोजसोबत येतो. लिनक्स सर्व्हरवर नसतो आणि उचलून टाकायला परवाना आडवा येतो. त्याच्या जागी लोहित किंवा नोटो आला की ओळीची उंची बदलते, चौदा पानांची टिप्पणी तेरा पानांत बसते, आणि 'पान ९, परिच्छेद ३ पाहा' असे सगळे संदर्भ चुकतात. नस्तीत हे चालत नाही. मंजूर झालेले जुने कागद आधी विंडोजवरच पीडीएफ-ए (फॉन्ट आतच ठेवणारी, जतनासाठीची पीडीएफ) करून गोठवा. चालू कागदच फक्त नव्या फॉन्टात आणा. नव्यासाठी मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' नावाचा फॉन्ट किंवा नोटो सान्स देवनागरी यांतला एक ठरवून सगळ्या संगणकांवर आणि सर्व्हरवर एकाच आवृत्तीचा लावा. कोलॅबोरात फॉन्ट नुसता सिस्टिमच्या फोल्डरमध्ये टाकून दिसत नाही. प्रत्येक कागद बंदिस्त खोलीत उघडतो, तेव्हा त्या खोलीच्या साच्यात फॉन्ट घालून साचा पुन्हा बनवावा लागतो.

कृतिदेव, शिवाजी, आयएसएमचे जुने डीव्ही फॉन्ट या युनिकोड नसलेल्या फॉन्टांचा प्रश्न सुरक्षेचाही आहे. त्यांत 'गोपनीय' हा शब्द फाइलीत रोमन अक्षरांचा गोळा म्हणून साठवलेला असतो. शोधात येत नाही आणि डीएलपीचा नियमही त्याला ओळखत नाही. कागद निवांत बाहेर जातो. हलवण्याआधी फॉन्टच्या नावावरून अशा फाइली वेगळ्या काढा. कृतिदेवचे रूपांतरक मिळतात, पण र्‍हस्व वेलांटी, रफार आणि मधेच आलेले इंग्रजी शब्द व आकडे हमखास बिघडतात. प्रत्येक फॉन्टसाठी रूपांतरक वेगळा लागतो. शंभर कागद डोळ्यांनी तपासल्याशिवाय ढिगाला हात लावू नका.

मॅक्रोंची (फाइलीत दडलेल्या छोट्या प्रोग्रॅमांची) यादीही आत्ताच करा. एक्सएलएसएम ही झिपच असते, आत 'व्हीबीए-प्रोजेक्ट' नावाची फाइल सापडली की मॅक्रो आहे. जुन्या एक्सएलएसना ओलेव्हीबीए हे साधन चालवा. निम्मी मॅक्रो वर्षभरात कोणी चालवलेली नसतात. उरलेल्यांतली ॲक्टिव्ह-एक्स (विंडोजपुरते घटक) वापरणारी लिब्रऑफिसमध्ये चालणारच नाहीत, ती नव्याने लिहावी लागतील. त्या शाखांना तोवर इंटरनेट नसलेल्या दोन-चार संगणकांवर जुनं एक्सेल राहू द्या. ऑस्ट्रियानेही अपवाद ठेवलेच आहेत.

पोर्ट_पंचवीस

टंकशास्त्री, फॉन्टच्या नावावरून फाइली काढायच्या म्हणता, पण जुन्या डॉक फाइलींत शीर्षक एरियलमध्ये आणि मजकूर कृतिदेवमध्ये असं मिश्रण असतं. अशी फाइल कोणत्या ढिगात?

टंकशास्त्री

कृतिदेवच्या. एक अक्षर जरी असलं तरी. आधी लिब्रऑफिसच्या हेडलेस (खिडकी न उघडता चालणाऱ्या) रूपांतराने डॉकची ओडीटी (लिब्रऑफिसचा मूळ फाइलप्रकार) करा, मग आतल्या एक्सएमएलमध्ये फॉन्टची घोषणा शोधा. घोषणा असून अक्षर एकही नाही अशाही फाइली निघतील, साच्यातून आलेल्या. म्हणून घोषणेवर थांबू नका, त्या शैलीत प्रत्यक्ष मजकूर आहे का तेही बघा. नाहीतर रूपांतरक चांगल्या इंग्रजी मजकुराचीच देवनागरी करून ठेवतो.